सोनीबाईच्या टाचेची काच

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो. बोटभर लांब, नखाएवढी जाड. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्याशीही कोणी फारसे गोड वागलेले नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नुसती स्वच्छ होते. यवतमाळच्या एका प्रयोगशाळेत आले आणि माझ्यावर सोनीबाईच्या टाचेच्या कातडीचा केसाहून बारीक काप चिकटवून तो गुलाबी-निळा रंगवला. सोनीबाई बोरी अरबजवळच्या तांड्यावरची. कपाशीवर लाल्या रोग पडून शेतेच्या शेते करपली, त्या वाईट वर्षांतली ही गोष्ट. तिच्या टाचेत काटा मोडला होता. नवऱ्याने, धावजीने, त्यावर गरम बिब्बा लावला. पुढे तिथे काळा डाग दिसू लागला, तो सगळ्यांनी बिब्ब्याचाच धरला. वर्ष गेले. डाग वाढला तेव्हा कुठे सर्जनने तो कापून काढला.

कॅन्सर होता. तो शरीरात पसरेल का, एवढेच आता कळायला हवे होते. डॉ. नंदकिशोर यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले, कॅन्सरच्या थराची जाडी मोजली, 'पातळ आहे, धोका नाही' असे लिहिले आणि चहाला गेले. अहो, पेशींकडे तरी नीट बघायचे! केंद्रके फुगलेली, एकीसारखी दुसरी नाही, कितीतरी एकीच्या दोन होत असलेल्या. माझी सगळी नोकरी त्या दोन मिनिटांची, तीही पाण्यात गेली. त्या माणसाचा राग मला अजून येतो.

सर्जनला मात्र तो अहवाल पटेना. त्यांनी मला कागदात गुंडाळून धावजीच्या हाती दिले आणि नागपूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितले. कापून काढलेली बिमारी परत घरात कशाला, म्हणून धावजीने मला गोठ्याच्या छपरात खोचले. पंधरा दिवस मी तिथे धूळ खात पडले. बायका मला वळसा घालून जात. बिब्बा आपणच लावला, हे धावजीच्या मनातून जात नव्हते, आणि तो सगळा राग माझ्यावर निघाला. एका सकाळी त्याने मला दगडावर ठेवले आणि दुसरा दगड उचलला.

सोनीबाई लंगडत आली.

"थे माह्या टाचेचं हाये," ती म्हणाली. "फोडाचं का दाखवाचं, थे मी ठरवीन. तुमी हात नोका लावू."

धावजी तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. मला मुठीत आवळून ती एकटीच एसटीत बसली.

नागपूरला डॉ. गुंजन अर्धा तास माझ्यावर वाकून होत्या. इतके मन लावून मला कोणी पाहिले नव्हते.

"मावशी, थर पातळ आहे, पण पेशींची लक्षणं बरी नाहीत," त्या म्हणाल्या. "कॅन्सर पसरला तर आधी जांघेतल्या गाठीत जातो, ती तपासू. थांबायला नको."

गाठीत ज्वारीच्या दाण्याहून लहान कॅन्सर सापडला. वेळेवर काढला.

सोनीबाई बरी झाल्यावर डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून मला दाखवले. वाटले, आता तरी चार शब्द बरे बोलेल. हिला फोडता येत नाही का, असे तिने विचारले. जपून ठेवावी लागते, डॉक्टर म्हणाल्या.

"मंग माहं नाव तरी पुसा तिच्यावरून."

त्यांनी पुसले. आता माझ्यावर नुसता आकडा आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले आणि माझ्यासारखी काच हाती आली, तर चहा थोडा निवू द्या. जाडी मोजा, मग पेशी बघा, आणि शंका आली तर पुन्हा बघा.

सोनीबाई दर वर्षी तपासणीला येते, आपल्या पायांनी चालत. माझ्या कपाटाकडे पाहून दोन शिव्या घालते. त्या शिव्यांचा मात्र मला राग येत नाही.