अंबूच्या गालातला राखणदार

मी एक जुना राखणदार आहे. जुना म्हणजे वयानं नव्हे बरं का! आमच्यातला एक झिजला की त्याच जागी दुसरा येऊन बसतो, म्हणून मी ‘मी’ म्हणतो तेव्हा आम्ही सगळेच आलो. पण आमचं काम फार जुनं. मेंढीच्या मांडीत, चिमणीच्या छातीत, तुमच्या पापणीत, जिथे जिथे स्नायू हलतो तिथे आम्ही असतोच. मी एक प्रथिन आहे. पुढे शास्त्रज्ञांनी मला ट्रोपोनिन असं नाव दिलं. मी सांगतोय त्या काळी मात्र मला नाव नव्हतं.

मित्रांनो, माझी जागा होती निंबर्गा गावच्या अंबूच्या गालात, जबडा मिटणाऱ्या स्नायूत. आणि अंबू म्हणजे काय सांगू! उठल्यापासून तोंडाची टकळी चालू. वडिलांशी मराठीत, शेजारच्या गौरम्माशी कन्नडात, आणि दारच्या मेंढ्यांशी दोन्हींत. आई राजूबाई म्हणायची, “तोंड हाय का जातं गं? जरा दम घे की!” त्यावर अंबू आणखीच हसायची, आणि मला काम लागायचं.

काम काय, तेही सांगतो. स्नायूत बारीक दोरे असतात आणि जाड दोरे असतात. जाड दोऱ्यांना चिमुकले हात असतात. ते बारीक दोऱ्यांना धरून ओढतात, मग स्नायू आखडतो. पण धरायच्या जागा उघड्या ठेवल्या तर हे हात कधी सोडायचेच नाहीत. म्हणून माझा एक लांबलचक सोबती त्या जागांवर पांघरुणासारखा पडून असतो आणि मी त्याला धरून बसतो. नसेचा हुकूम आला की कॅल्शियमचे कण धावत येतात आणि मला बिलगतात. मी वळतो, सोबत्याला बाजूला सारतो, ओढाओढ सुरू! कण परत गेले की मी पांघरूण पुन्हा नीट घालतो आणि स्नायू विसावतो. ओढणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात. विसावा देणाऱ्याचं कोण करणार? पण अंबूचं बोलणं, चावणं, हसणं, सगळं त्या विसाव्यावरच चालायचं.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. अंबूचा बाप उमाजी. त्याच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, उमाजीनं नांगर धरला. त्या साली तूर कापून झाली आणि कापलेल्या रानात अनवाणी पळताना अंबूच्या टाचेत तुरीचं धसकट घुसलं. उमाजीनं ते उपसून काढलं. घरात मेंढीच्या जखमेवर जे घालायचे तेच त्यानं लेकीच्या टाचेत भरलं, शेण आणि जळक्या लोकरीची राख. किती मायेनं भरलं! फुंकर घालत होता, “झालं गं माझी बाई, झालं.” जखम वरून सुकली आणि सगळे विसरले. आत मातीतला एक जंतू विष तयार करायला लागला होता.

पुढच्या आठवड्यात अंबूला बघायला मुडबीचे पाहुणे आले. अंबू भर बैठकीत म्हणाली, “मला अजून शाळा शिकायची हाय.” पाहुणे चहा घेऊन उठले. उमाजीची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला, मी वळलो, ओढाओढ झाली. पण हुकूम थांबेचना! ‘थांब’ म्हणणाऱ्या नसांचं तोंडच त्या विषानं बांधलं होतं. कण परत जाईनात. मी पांघरूण घालू तरी कसा? अंबूचा जबडा आवळला तो आवळलाच.

तिनं गालाला हात लावून दातांतूनच “दुखायलंय” म्हटलं. राजूबाई म्हणाली, “काल पाहुण्यांम्होरं बरं तोंड चाललं हुतं!” पुढ्यात भाकरी तशीच राहिली. उमाजी ताटावरून उठला. “दातावर दात धरून बसलीस व्हय? बस. उपाशी किती राहतीस तेच बघतो.”

मित्रांनो, ती रुसली नव्हती हो! तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी इतका जवळ असून मला वाचा नव्हती.

दुसराही दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी विष चेहऱ्यात पसरलं. ओठांचे कोपरे मागे ओढले गेले, भुवया वर चढल्या. राजूबाई हरखली. “अगं बाई, हसायली बघ! गेला गं राग?” तिनं शेजारणीला हाक मारली, “गौरम्मा, या की, आमची अंबू हसली!”

गौरम्मा ताकाचा तांब्या घेऊन आली, अंबूचं तोंड बघून थबकली, आणि तांब्या हातातून फरशीवर पडला. त्या आवाजासरशी अंबूची पाठ धनुष्यासारखी वाकली.

“अय्यो, राजूबाई!” गौरम्मा ओरडली. “हे हसणं न्हाई गं. धनुर्वात हाय!”

उमाजीनं गाडी जुंपली. आळंदच्या दवाखान्याची वाट धरली. जरासा आवाज झाला की अंबू ताठायची, म्हणून त्यानं बैलांच्या गळ्यातले घुंगरू काढून टाकले. गाडी गौरम्माच्या नवऱ्यानं हाकली आणि उमाजी पुढं पळत चाकोरीतले दगड उचलून बाजूला टाकत राहिला. “शीक बाई, लागंल तितकी शाळा शीक,” असं म्हणत होता. अंबूला ऐकू येत होतं. उत्तर द्यायला जबडा सुटत नव्हता.

डॉक्टरांनी सुई दिली. “फार उशीर केलात,” इतकंच म्हणाले. संध्याकाळच्या आत छातीतले माझे भाऊबंदही अडकले आणि अंबूचा श्वास थांबला.

राजूबाईनं शेवटचं पाणी घालायला लेकीचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. ओढणाऱ्या हातांना सोडायलाही बळ लागतं, आणि ते आता कुठून येणार? उमाजीनं बायकोचा हात धरला. “ऱ्हाऊ दे. लई बळजबरी केली आपण.” त्यानं ओलं बोट अंबूच्या ओठांवरून फिरवलं.

मित्रांनो, जखम लहान असली तरी साबणानं धुवा, तिच्यात शेण-माती घालू नका आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्या. एवढ्यानं माझं काम सोपं होतं. आणि घरातलं बडबडं लेकरू एकाएकी गप्प झालं तर आधी त्याच्या गालाला हात लावून बघा. गाल दगडासारखा लागला तर रागवायला पुढं जन्म पडलाय. आधी गाडी जुंपा.