मर्सीच्या बावखलातलं बाळसं

वटारची मर्सी माझी शेजारीण. तिच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे छोटं तळं. तिची केळी, अळू, पानवेली सगळी त्याच पाण्यावर. गेल्या नाताळानंतर त्या पाण्यात एक तारा राहायला आला. वर आभाळ भरलेलं, तेव्हा प्रतिबिंब म्हणायचीही सोय नव्हती.

"दिव्यांची माळ पडली असेल," मी म्हटलं.

"माळेला भूक लागते का हो, मार्सेलभाऊ?" मर्सीनं ओंजळभर माती पाण्यात सोडली. माती बुडाली नाही. ताऱ्याभोवती गिरक्या घेत घेत आत ओढली गेली, आणि चिंचोक्याएवढा तारा सुपारीएवढा झाला.

नेमका तेव्हाच तिचा पुतण्या जेन्सन बावखल बुजवायला निघाला. अर्धी वाडी त्याची. त्याला गाड्या उभ्या करायला जागा हवी होती.

"पाणी गेलं की केळी गेली रे," मर्सी विनवायची.

"काकी, केळी बाजारात मिळतात."

सातिवलीकडून डंपर आला, धाडकन भराव ओतून गेला. तिन्हीसांजेपर्यंत तारा तो फस्त करून नारळाएवढा! पुढच्या घासाला तर असा भडकला, की वटारचे कोंबडे अवेळी आरवले आणि पार उमेळे गावातल्या बायकांनी घडी घातलेले कपडे पुन्हा उन्हात टाकले. मग त्यानं दोन्ही अंगांनी ढेकर दिली. मातीचा एक फवारा समुद्राकडे गेला, दुसरा जेन्सनच्या नव्या गाडीवर.

जेन्सन पेटला. मिळतील तेवढे डंपर आणून त्यानं एकाच दिवसात रिते केले. तारा मालवला. पाणी काळंभोर.

"संपला खेळ," तो म्हणाला. "उद्या रोलर आणतो."

मर्सी काठावर मटकन बसली. तिची मुलगी जीना मुंबईत ताऱ्यांचाच अभ्यास करते; सुट्टीला घरी आली होती. ती वाकून बघत म्हणाली, "विझला नाही गं, आई. कोवळे तारे असेच असतात. घास पोटात गेला की उजळतात, धूळ आड आली की मंदावतात. थांब जरा."

"म्हणजे दुपटं तोंडावर आलंय," मर्सीनं डोळे पुसले. "बाळसं धरताना पोरं असंच करतात. जेन्सन, रोलर उद्या. आज पाळण्याशी गप्प बस."

का कोण जाणे, तो बसला. पाय पाण्यात सोडले. मर्सी अंगाई गुणगुणू लागली. बेडूक गप्प झाले, केळीची पानं हलायची थांबली, आणि तळाशी कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं पाणी हळूच फिरलं. ऊब वर आली. दुपटं सरकलं. जेन्सनच्या पायाच्या बोटांमधून उजेड पाझरला.

"काकी," तो कुजबुजला, "हा माझ्याकडे बघतोय?"

"भरवणाऱ्याला ओळखतंच पोर."

रोलर काही आला नाही. जेन्सन आता रोज संध्याकाळी मूठभर माती घेऊन येतो, तीही चाळून; डंपरनं अपचन होतं म्हणे. काल तारा मंद होता, तर हा उपाशी काठावर बसून राहिला. शेवटी मर्सीच ओरडली, "अरे, दुपट्याखाली आहे तो! जा, जेव आधी!"