मंत्र्याच्या खुर्चीत हिल्डा

विरोधी पक्षनेता झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हिल्डा प्रॉसरला सभागृहातल्या पहिल्या बाकासाठी, एकेका मंत्र्याला जाब विचारणारी माणसं निवडायची होती. निवड चुकली तर हसं तिचंच होणार होतं. म्हणून वेस्टमिन्स्टरच्या संसदेतल्या आपल्या खोलीत ती स्वतःच आरोग्यमंत्री होऊन बसली. "विचारा प्रश्न. मला गप्प करील त्यानं आपल्या बाजूनं आरोग्य खातं सांभाळायचं."

आधी तिची जिवाभावाची मैत्रीण मॉइरा आली. तिनं चार मिनिटं सरकारची सालटी काढली. हिल्डानं हसत हसत सगळं परतवलं.

मग ऑल्ड्रिज आला. पक्षाच्या निवडणुकीत यानंच तिला 'कच्चं मडकं' म्हटलं होतं.

"मंत्रीमहोदय, वर्षापूर्वी तुम्ही नव्या प्रसूतिगृहाची फीत कापलीत. तिथं आजवर बाळं किती जन्मली?"

मंत्री गप्प. मग हिल्डानंच विचारलं, "किती हो?"

"मला काय विचारता? मंत्री तुम्ही!"

"अहो, पण खरंच किती?"

"मलाही ठाऊक नाही. मंगळवारी सभागृहात खऱ्या मंत्र्यांनाच विचारू की."

"तुम्हीच विचारा," हिल्डा म्हणाली.

बाहेर मॉइरा थांबली होती. तिला काय सांगायचं ते हिल्डाला सुचेना. पण मंगळवारला अजून चार दिवस होते, आणि तो आकडा तिला आत्ताच हवा होता.