नाल्याखालच्या वळणावरचे मासे

तिनं चिमट्यानं माशाचं यकृत उचललं, तराजूच्या काचेवर ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. कारखान्याच्या नाल्याखालच्या वळणावरचा हा नववा मासा. आधीच्या आठांत शिसं मर्यादेच्या सहापट निघालं होतं. तिथल्या गाळाचं तर विचारायलाच नको.

दुपारी यंत्रानं नवव्याचाही तोच निकाल दिला. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"कारखानेवाले आधी आपल्याच चुका शोधतील. पुन्हा करून बघायचं?"

"तीनदा केलंय, साहेब."

"मग पाचपर्यंत सही करून आण. उद्या मासेमारी बंद." ते जरा घुटमळले. "त्या वळणावरची होडी तुझ्या मामांची ना?"

ती कागद पिशवीत घालून तडक नदीवर गेली. वडील गेल्यावर मामानंच तिला वाढवलं होतं, याच नदीच्या जिवावर. बंदीचं त्याला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढंच तिच्या मनात होतं. ती घाटाच्या पायऱ्या उतरली.

मामा होडीत उकिडवा बसून जाळं सोडवत होता. शेजारी पाटी काठोकाठ भरलेली.

"भरदुपारी कशी? नोकरीवरून काढलं की काय?"

"मामा, या माशांत शिसं आहे. तुझ्या सुनेला सातवा महिना लागलाय. तिला आजपासून एक तुकडाही देऊ नकोस."

"ती खात नाही."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, माझ्या घरात मासा शिजलेला नाही. तुझ्या आईकडे पाठवायचो तेही बंद केलं. रुसून बसली. बसू दे म्हटलं, जिवंत तर राहील."

आईचा रुसवा तिला माहीत होता. कारण आज कळत होतं. तिनं होडीच्या काठाला हात टेकला.

"तुला ठाऊक होतं?"

"नाल्याचं पाणी सुटलं की तळचे मासे वर येऊन तडफडायचे. ते कळायला प्रयोगशाळा कशाला लागते?"

"आणि तू विकत राहिलास?"

जाळ्यातली बोटं थांबली.

"दुसरं काय येतं मला?"

या पाटीतून मासे नेणाऱ्या बायका तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांच्या पोरांची नावं तिला पाठ होती.

"मी खातो," मामा एकदम म्हणाला. "रोज. पाटीतला एक इथंच भाजून खातो, मगच बाजारात जातो. लोकांच्या पोटात घालायचं, तर आधी..." पुढचं त्यानं गिळलं आणि उजवा हात तिच्यापुढे धरला. मनगट खाली लोंबत होतं. "हा हल्ली ऐकत नाही माझं. गाठसुद्धा डाव्यानं मारतो."

तिनं तो हात दोन्ही हातांत घेतला. रागाचं काय करावं, ते तिला कळेना.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. रक्त तपासू."

मग फळीवर कागद पसरून तिनं सही केली. मामा वाकून बघत राहिला.

"माझं नाव आहे यात?"

"नाही. फक्त वळणाचं आहे."

"माझंही घाल. मासे कुणी धरले, हे विचारतीलच."

तेवढ्यात वरच्या पायरीवरून शिवणकाम करणारी बाई हातातली पिशवी हलवत ओरडली, "मामा, आज आहे का काही? पाहुणे यायचेत!"

मामानं भरल्या पाटीकडे पाहिलं, मग भाचीकडे. ती पुढे होऊन बोलणार, तोच तो गुडघ्यावर हात रेटत उठला आणि पाटीपुढे आडवा उभा राहिला.

"आहेत," तो म्हणाला, "पण तुला देणार नाही. खाली ये, बस जरा. दोन वर्षांचं सांगायचं राहिलंय."