नाव घातलेला डबा

मी डबा बोलतोय. स्टीलचा, दोन किलोचा, घट्ट झाकणाचा. हसू नका. जयपूरच्या तिलक नगरात किणीकरांच्या स्वयंपाकघरात बसून मी जेवढं राज्यशास्त्र ऐकलंय, तेवढं कॉलेजातल्या बाकांनीही ऐकलं नसेल. ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय, आणि मला डोकं नाही म्हणून झाकण उठलंय म्हणा.

माझा जन्म सांगलीचा. रमाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने, इंदुमतीबाईंनी, मला विकत घेतलं. दुकानदार नाव घालायला बसला, पण त्याचं अक्षर बाईंना पसंत पडेना. "कोंबडी नाचल्यासारखं काय घालताय? द्या इकडे!" म्हणत त्यांनी ते घरघरणारं यंत्र स्वतःच्या हातात घेतलं आणि माझ्या पोटावर वळणदार अक्षरात कोरलं : सौ. रमा प्रभाकर किणीकर. बाई पुढे दोन वर्षांत गेल्या.

प्रभाकरराव विमा कंपनीत होते. बदलीवर जयपूरला आले ते इथलेच झाले. रमाबाईंचा एक नियम होता, घरी आलेलं माणूस रिकाम्या हाती जाता कामा नये. मग काय, मी रवा-नारळाचे लाडू घेऊन साऱ्या ओळखीपाळखीत हिंडायचो आणि नावामुळे बिनचूक घरी परत यायचो. सुखाचे दिवस होते हो ते!

मग त्यांची लेक कौमुदी शिकून मोठी झाली. ती राज्यशास्त्र शिकवते. मोबाइल आणि कॉम्प्युटर हाताशी आल्यावर सरकार लोकांची तोंडं कशी बंद करतं, हा तिचा अभ्यास. "बाबा, पूर्वी मोर्चात कोण होतं ते पोलिसांना दारोदार विचारावं लागायचं. आता, मतलब, फोनच सगळं सांगतो," असं ती जेवताना समजावायची. त्यामुळे कुणी तिच्याशी बोलायला आलं की लाडू ताटात आणि, स्टीलमधून सिग्नल जात नाही म्हणे, म्हणून सगळे फोन माझ्या पोटात! एकदा प्रभाकररावांनी आतल्या खोलीतून मुद्दाम फोन लावला, तर माझ्या पोटात जोरात घंटी वाजली. "अगं, हा तर चालू आहे!" ते ओरडले. तेव्हापासून आधी बॅटरी काढायची आणि मग फोन डब्यात ठेवायचा. बॅटरीच काढली तर मग डबा कशाला? पण शिकलेल्या माणसांशी वाद कोण घालणार!

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात जयपूरजवळच्या चौमूंहून मधुमतीजी आल्या. सरकारी शाळेतल्या शिक्षिका. पाण्यासाठी बायकांनी मोर्चा ठरवला होता, त्याचा एसएमएस त्यांनी चारचौघींना पुढे पाठवला होता. तेवढ्यावर चौकशी लागली. कुणी कुणाला काय पाठवलं, ते सगळं साहेबांच्या टेबलावर होतं. दोघी शिक्षिका निलंबित होऊन घरी बसल्या. मधुमतीजींना ताकीद मिळाली, बाहेरच्या कुणाशी यावर बोललात तर नोकरी गेली समजा. आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर.

"मॅडम, मेरा नाम कहीं नहीं आना चाहिए," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"नाम मैंने कहीं लिखा ही नहीं है," कौमुदी म्हणाली. ते खरंच होतं. या बाबतीत पोरगी फार जपून असते.

बोलणं संपलं. कौमुदी रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. तेवढ्यात रमाबाईंनी माझ्यातले फोन काढले आणि मला लाडवांनी गच्च भरलं. "एवढ्या उन्हातून आलीय बिचारी, रिकाम्या हाती कशी धाडू?" आणि सरळ मधुमतीजींच्या पिशवीत ठेवलं. अहो रमाबाई, नाव! माझ्यावर तुमचं नाव आहे! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण डब्याचं कोण ऐकतं?

त्याच आठवड्यात चौमूंला मधुमतीजींच्या घरी साध्या कपड्यांतले दोघे आले. त्यांनी फोन उलटासुलटा तपासला, काही सापडलं नाही. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मधुमतीजींनी चहा केला आणि सोबत मला पुढे ठेवलं. कपाळाला हात लावावासा वाटला, पण मला हातही नाहीत.

"ये लड्डू अपने यहाँ के तो नहीं लगते," एकजण म्हणाला.

"रिश्तेदारी से आए हैं."

त्याने मला उचललं. हळूहळू फिरवलं. त्याचा अंगठा 'रमा'वर येऊन थांबला. पुढचं आडनाव वाचलं असतं तर संपलंच, कारण अख्ख्या जयपुरात किणीकरांचं घर एकच. इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. "जी सर, जी सर," करत त्याने मला खाली ठेवलं. "कल फिर आएँगे," म्हणून दोघे गेले.

मधुमतीजींनी मला हातात घेतलं आणि त्यांना ती अक्षरं दिसली. त्या लगेच मला नळाखाली विटेचा तुकडा घेऊन घासायला लागल्या. मला फार दुखलं. इंदुमतीबाईंचा एकेक काना, एकेक वेलांटी जात होती. "माफ करना, माँजी," त्या म्हणत होत्या आणि रडतही होत्या.

रमाबाई दर रविवारी बिर्ला मंदिरात जातात हे बोलण्यात आलं होतं. पुढच्या रविवारी तिथल्या पायऱ्यांवर त्यांनी मला गुपचूप रमाबाईंच्या हातात दिलं. आत मठऱ्या होत्या, म्हणजे इकडच्या खाऱ्या पुऱ्या. रिकामा डबा त्यांच्याकडेही परत देत नाहीत. "दूसरे दिन सच में आए थे, माँजी. डिब्बा घुमा-घुमाकर देखा. कुछ नहीं मिला," एवढं सांगून त्या गर्दीत मिसळल्या.

घरी कळल्यावर कौमुदी डोकं धरून बसली. "आई, मी बॅटऱ्या काढत बसते आणि तू नाव घातलेला डबा दिलास?"

रमाबाई माझ्या पोटावरच्या खरखरीत जागेवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. "आईचं अक्षर होतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. मग विचारलं, "तिची नोकरी राहिली ना?"

"राहिली."

प्रभाकरराव म्हणाले, "मी बाजारातून पुन्हा नाव घालून आणतो."

"नको. असाच राहू दे. उद्या आणखी कुणी येईल, तिला कशात देऊ?"

तेव्हापासून मी बिननावाचा आहे. तुमच्याकडे एखाद दिवशी आलो तर लाडू खा, डबा परत करा, आणि कुणाचा म्हणून विचारू नका. या हकिकतीतली सगळी नावंसुद्धा मी बदलून सांगितली आहेत, कौमुदीकडून तेवढं शिकलोय. अक्षर मात्र खरोखरच फार सुंदर होतं.