छातीच्या मापाचा दोरा

वक्तृत्वात ढाल मिळवली तेव्हापासून घरात पत्रं वाचायचा मान माझा. काका लढाईवर गेलेले, काकू पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. "माझे हात गुंतलेत, तू वाच," म्हणायची, आणि मी असं खणखणीत वाचायचे की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसावीत.

प्रत्येक पत्रातून एक दोरा निघायचा. काकूने काकांना बजावलंच होतं, "पोटभर जेवतो असं कुणीही लिहील. छातीभोवती दोरा गुंडाळा, तोडून पाठवा. दोरा खोटं बोलत नाही." दर खेपेला तो टेपावर थोडा आखूडच भरायचा. काका सुट्टीवर येतील तेव्हाच्या शर्टासाठी आणलेलं निळं कापड काकू पुन्हा घडी करून ठेवायची. नक्की माप कळल्याशिवाय ती कशालाच कात्री लावत नाही.

मग एका दुपारी गणवेशातले दोघे दारात उभे राहिले. काका गेले होते.

आणि त्यानंतर, टपालात कुठेतरी रखडलेलं त्यांचं पत्र आलं.

"राहू दे गं, कशाला जखमेवर मीठ," आई म्हणाली.

"वाच," काकू म्हणाली.

ढालबिल सगळी विसरले मी. तरी वाचलं: "आता बघ फुगलोय की नाही. शर्ट ढगळ शिव. आणि गळा घट्ट करू नकोस, घुसमटतं मला."

दोरा निघतच राहिला. लग्नातल्या मापापेक्षाही चार बोटं जास्त.

काकू हसली. खरंच हसली. "लबाड कुठले. जाड कोटावरून घेतलंय माप." दोऱ्याला चिकटलेली लोकर तिने चिमटीत धरली, आणि हसू विरलं. "थंडी फार असणार तिथे."

तिने निळं कापड उलगडलं.

"काकू, अगं, माप खोटं आहे ना हे?"

"असू दे. त्यांनी सांगितलेलं शेवटचं आहे." कात्री चालायला लागली.

आता तो शर्ट दाराआड खुंटीवर असतो. बाकीचे कपडे लोंबतात. हा लोंबत नाही. खिडकी बंद असली तरी याची छाती भरलेली असते. मी, जी हल्ली कुणाला भीत नाही, तिथून जाताना अंग चोरून जाते.

काल म्हटलं, नीट तरी दिसेल, म्हणून वरचं बटण लावायला हात पुढे केला. मशीन थांबलं. काकूने मान वर केली नाही.

"गळा उघडाच ठेव," ती म्हणाली. "घुसमटतं त्यांना."