मधलं अक्षर

…लिव्हरवर चिखल होता, आणि त्या चिखलावर बोटं नव्हती. भारतने वर्तमानपत्रावर ठेवलेला तो ब्रेकचा लिव्हर पुन्हा एकदा खिडकीच्या उजेडाकडे वळवला – टोकाला वाकलेला, वीतभर लांबीचा तुकडा, आणि त्याची पुढची बाजू, जिच्यावर चालवणाऱ्याची दोन बोटं टेकलेली असायला हवीत ती, या टोकापासून त्या टोकापर्यंत करड्या चिखलाने माखलेली, वाळून तडकलेली, पण सलग. रविवारी मोटरसायकलींच्या शर्यतीआधी टँकरने मैदान भिजवलं होतं. शेवटच्या फेरीत, शेवटच्या वळणाआधीच्या सरळ पट्ट्यावर, पुढे असलेल्या दीपकच्या मागच्या चाकाने उडवलेला चिखल मागून या लिव्हरची गाडी चालवणाऱ्या शेखरच्या हेल्मेटवर, छातीवर, हातमोज्यांवर येऊन बसला. त्या वेळी बोटं लिव्हरवर असती तर त्यांच्याखाली दोन स्वच्छ पट्टे राहिले असते, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसे. पट्टे नव्हते. आज बुधवार. तीन दिवस तो हेच बघत होता, आणि तीन दिवस ते तसंच होतं.

सातपूरच्या त्या गल्लीत सकाळच्या पाळीची वर्दळ ओसरली होती. साडेनऊला मनोज आला. शेखर ज्या टीमकडून चालवतो ती टीम मनोजची. गाड्या त्याच्या, टी-शर्टवर नाव त्याचं, आणि गेली सहा वर्षं त्या गाड्यांवर हात भारतचा. मनोजने खुर्ची रुमालाने पुसली, पण बसला नाही.

"भारतभाऊ, हा क्लबचा फॉर्म. मेकॅनिकचं निवेदन. पाचच्या आत पोचवायचंय."

"काय लिहू?"

"आता तुम्हाला काय शिकवायचं! एक ओळ. ब्रेक लागला नाही. खाली सही."

"ब्रेक लागत होता, मनोजशेठ. मी सोमवारी दुसरा लिव्हर बसवून पाहिलं. एका दाबात चाक जागच्या जागी."

"सोमवारी ना? रविवारी तुम्ही डबलसीट बसला होतात का त्याच्या मागे?" मनोज स्वतःच हसला. "अहो, मशीन आहे. कधी ऐकतं, कधी नाही. लागला नाही म्हटलं की कोणाचीच चूक नाही. पोरगं पुढच्या महिन्यात फायनलला उभं राहील, विषय संपला."

"आणि माझं?"

"तुमचं काय? तुम्हाला कोण विचारतंय!"

हे तो धीर द्यायला म्हणाला, हे भारतला कळलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

मनोज गेल्यावर फॉर्म लिव्हरशेजारी पडून राहिला. क्लबच्या तपासनिसांनी गाडी रविवारीच पाहिली होती. लिव्हर वाकल्यामुळे ब्रेकच्या स्थितीबद्दल निश्चित सांगता येत नाही, असं लिहून ते मोकळे झाले. आता जे ठरायचं ते मेकॅनिकच्या दोन ओळींच्या रकान्यावर. ब्रेक लागला नाही – म्हणजे यंत्रातला बिघाड. शेखरचे गुण कायम, फायनल कायम. ब्रेक लावला नाही – म्हणजे धोकादायक चालवणं; गुण रद्द, वर्षाची बंदी. पुढचा ला तोच, मागचा ला तोच, फक्त मधलं अक्षर… ग की व. शाळेत असताना गुरुजींनी असल्या एका अक्षरासाठी फळ्यासमोर उभं केलं असतं. आग लागली म्हटलं की शेजारी बादल्या घेऊन धावतात, आग लावली म्हटलं की पोलीस येतात. हे गल्लीतल्या कोणालाही कळतं. मग मैदानावर का कळू नये? लागला, लागली, लागलं – आपोआप, कोणी काही न करता – किती सोयीचं क्रियापद आहे हे, माणसाला आत लपून बसायला केवढी जागा!

आणि कोणाचीच चूक नाही, हेही खोटंच. यंत्र काय आभाळातून पडलं? त्याचा पंप मी उघडला, तेल मी बदललं, हवा मी काढली, बोल्ट मी आवळला आणि आवळल्यावर त्यावर पिवळ्या रंगाची खूण मी केली, म्हणजे तो हलला तर डोळ्याला दिसावा. खूण आजही जागेवर आहे. बावीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, माझ्या हातचा एक नग परत आला नाही. आणि आता मीच माझ्या अक्षरात लिहायचं की माझ्या हातचा ब्रेक लागला नाही. तेही कोणासाठी, तर ज्याने तो दाबलाच नाही त्याच्यासाठी.

त्याने मोबाइल काढला आणि नको नको म्हणत तो व्हिडिओ पुन्हा लावला. चाळीस सेकंद. दीपक पुढे, वळणाच्या आतल्या कडेला चिकटून. तो गाडी सरळ करतो, वेग उतरवतो, अंग आत झुकवतो – कुठे घाई नाही, कुठे उशीरही नाही. आणि मागून, आतल्या बाजूने, जिथे हातभरसुद्धा जागा नाही तिथे, शेखर. वेग कमी होत नाही. आवाज बदलत नाही. तो नुसता येतो. मग दोन्ही गाड्या, चिखल, शिट्ट्या… शेखर उठतो, लंगडत गाडी उचलतो आणि साठ मीटरवरची रेषा चौथ्या क्रमांकाने ओलांडतो. दीपक उठत नाही. खाली लोकांनी लिहिलंय: वाघ रे वाघ. काय काळीज आहे. सोमवारच्या पेपरातही तेच, जरा शुद्ध भाषेत: आक्रमक शेखरचा थरार; ब्रेक निकामी होऊनही शर्यत पूर्ण.

आक्रमक! भारतला या शब्दाची चीड आली होती. उशिरा ब्रेक लावणं म्हणजे काय हे या लोकांना माहीत आहे का? वळण अंगावर येत असतं, शंभर जण शंभर ठिकाणी घाबरतात, आणि एखादा त्यांच्यापुढे आणखी चार हात जाऊन, जमीन किती ओली आहे, पुढचा किती रुंद वळणार आहे, आपलं चाक किती धरेल, हे सगळं एका श्वासात मोजून मग दोन बोटं आवळतो – ती हिंमत. त्यात हिशेब असतो, आणि तो चुकला तर भोगायची तयारी असते. न मोजता समोरच्याच्या अंगावर जाणं, त्यालाच आपली भिंत करून त्याच्यावर आदळून थांबणं, याला कसलं काळीज लागतं? दीपकनेच त्याला थांबवलं. शेखरचा ब्रेक रविवारी दीपक होता – दीपकचा मोडलेला खुबा.

दुपारी बाराला तो दवाखान्यात गेला. तिथे जायचं ठरवलं नव्हतं. गाडी मुंबई नाक्याकडे वळली, इतकंच. जिन्याजवळच्या बाकावर दीपकची आई, कलाबाई, भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सायखेड्याहून ती रविवारी रात्री आली ती परत गेलीच नव्हती. तिने त्याला ओळखलं.

"तुमी त्या दुसऱ्या गाडीचे मिस्तरी ना?"

"हो."

"पेपरात आलंय म्हनं, ब्रेक निकामी झाला म्हून."

तिने बाकावर सरकून जागा केली.

"बसा. लय मनाला लावून घिऊ नका, भाऊ. नटबोल्टच हाय, ऱ्हातो एखाद्या टायमाला ढिला. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं असंच व्हतं. मानसानं काय मुद्दाम केलंय का?"

तो बसला. तिने डबा उघडून अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी त्याच्या हातावर ठेवली आणि सांगितलं की वावरातले दोडके आता वाढून गेले असतील, तोडायला कोणी नाही. तो घास चावत राहिला. ही बाई मला माफ करत होती. जे मी केलं नाही त्याबद्दल, मुलाच्या मोडक्या हाडांवरून हात फिरवून, स्वतःच्या डब्यातलं देऊन – आणि ती माफी मी खाल्ली. नाही, ब्रेक ठीक होता, एवढं म्हणायला काय जात होतं? पण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तिच्या मांडीवरच्या डब्यासमोर देणं…

आत दीपक पाठीवर पडलेला होता, पाय वजनं लावून ताणलेला. चेहरा उतरलेला, पण डोळे जागे.

"मामा, एक विचारू? खरं सांगा."

"विचार."

"मी आत जागा सोडली होती का? माझीच लाइन जरा बाहेर गेली का? तीन दिवस डोक्यात तेच चाललंय."

"नाही सोडलीस. कड धरून होतास तू."

"मग तो आला कुठून?"

भारतने त्याच्या पांघरुणाची घडी सरळ केली. परतताना जिन्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या मुठी वळलेल्या आहेत. ज्याने सगळं बरोबर केलं तो खाटेवर पडून आपली चूक शोधतोय, आणि ज्याने केलं त्याची चूक सापडू नये म्हणून माणसं फॉर्म घेऊन फिरताहेत. या खेळात विचार करणाऱ्यालाच प्रश्न पडतात. दुसऱ्याला टाळ्या पडतात.

गॅरेजमध्ये परत येऊन त्याने पेन उघडलं. ठरलं होतं. लावला. व. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, चिडलात?" शेखरचा आवाज नेहमीसारखा, मोकळा, थोडा लाडातला. एकोणिसाव्या वर्षी आला तेव्हापासून तो असाच बोलायचा. "मनोजशेठ म्हणाले, तुम्ही काहीतरी अडून बसलाय."

"ब्रेक दाबलास का तू?"

"गॅप वाटली मला."

"मी गॅपचं विचारलं नाही. बोटं कुठे होती?"

"बोटं?" शेखर खरोखरच आश्चर्याने हसला. "मुठीत. अहो, तुम्हीच काढायला लावलीत ना मामा! इगतपुरीला. विसरलात?"

त्याने फोन ठेवला. विसरलात? विसरलो नव्हतो… किंवा विसरलो होतो, आणि आत्ता, एवढ्या सगळ्यानंतर, ते जसंच्या तसं वर आलं: सप्टेंबरातला इगतपुरीचा माळ, घोट्यापर्यंत चिखल, छत्रीखाली मनोज, आणि आधीची शर्यत दुसऱ्या क्रमांकावर सोडून आलेला शेखर, प्रत्येक वळणाला हातभर आधीच वेग उतरवणारा. पाचव्या फेरीला माझं डोकं फिरलं. मी ओरडलो – ती दोन बोटं काढ आधी लिव्हरवरून! बोटं तिथे असली की दाबावंसं वाटतंच. मुठीत ठेव शेवटपर्यंत, मग बघू तुझ्यात काय आहे! त्याने ठेवली. हातातल्या घड्याळात फेरीमागे तीन-दशांश सेकंद कमी झाले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मनोजने छत्रीखालून अंगठा दाखवला.

पण समोर कोणी नव्हतं! मोकळा माळ होता. एकट्याने घसरला असता, चिखलात बसला असता, आपण हसलो असतो. सरावातली गोष्ट ती, हिंमत कुठवर जाते हे बघायची. शर्यतीत पुढे माणूस असतो हे काय सांगावं लागतं? शेखरला हे कळायला नको? कळायलाच हवं होतं. हा मुद्दा बरोबर होता, तो कोणीही मान्य करील. भारतने तो मनात तीनदा मांडला, आणि तिन्ही वेळा तो बरोबरच निघाला. फक्त त्यानंतर एक साधी गोष्ट उरत होती, ती काही केल्या हलत नव्हती: त्या संध्याकाळी, किंवा त्यानंतरच्या दोन महिन्यांत कधीही, आता बोटं परत ठेव, असं मी म्हटलं नव्हतं. घड्याळात वेळ कमी दिसत होता.

पाचला वीस मिनिटं होती. त्याने फॉर्म जवळ ओढला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: शेखरने ब्रेक लावला नाही. व नीट काढला, पोट गोल, कोणी ग वाचू नये असा. लिहून झाल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं त्याला सकाळपासून वाटत होतं. तसं काही वाटलं नाही. राग होता तिथेच होता, मनोजवर, त्या चाळीस सेकंदांवर, पेपरातल्या त्या शब्दावर – रतीभरही उणा झाला नव्हता. पण सकाळी तो एखाद्या हत्यारासारखा मुठीत धरता येत होता, आणि आता कुठून धरावा तेच कळत नव्हतं.

रकान्यात आणखी एक ओळ होती. कोरी. ती भरायलाच हवी असं फॉर्मवर कुठे म्हटलेलं नव्हतं. एका ओळीत सही करून दिला तरी चालणार होतं, खोटं त्यात काही नव्हतं, दीपकला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं आणि कलाबाईला कळलं असतं की बोल्ट ढिला नव्हता.

त्याने लिव्हरकडे पाहिलं. त्याची स्वतःची दोन बोटं, नकळत, त्या वाळक्या चिखलाच्या वर येऊन थांबली होती, जिथे असायला हवीत नेमकी तिथे – जरा टेकली असती तरी खूण उमटली असती. त्याने हात मागे घेतला, पेन दुसऱ्या ओळीवर ठेवलं आणि लिहिलं: बोटं. मग तो अडला. बोटं लिव्हरवर नव्हती, हे खरं होतं. बोटं काढलेली होती, हेही खरं होतं. दोन्ही वाक्यं सरळ होती, शुद्ध होती, आणि दोन्हींत कोणी नव्हतं… सकाळी याच गोष्टीवरून त्याचं डोकं तापलं होतं. शब्द पुढे सरकायला मागे कर्ता हवा होता, ती काढायला लावणारा, आणि बोटं या शब्दाच्या आधी, रकान्याच्या रेषेला लागून, बरोबर एका अक्षराएवढी जागा शिल्लक होती.